डोंगराचा वाटा

रोहिणी मंगळावर काम करते असं मी सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या शेजारच्या कमळाबाईंनी तर विचारलंच, की मुलीच्या पत्रिकेत मंगळ असतो हे ठाऊक आहे, हिच्या कॉम्प्युटरात कसा शिरला? त्यांना समजावण्याच्या फंदात मी पडले नाही. तुम्हाला मात्र सांगते, कारण ते काम कळल्याशिवाय रोहिणी कळायची नाही.

जुन्या पनवेलात, तळ्यापासून थोडं आत, भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून इथे यायला लागले. सत्यजीत नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरनं हे ऑफिस काढलंय. मंगळावर माणसाविना फिरणारी गाडी असते, रोव्हर म्हणतात तिला. तिनं काढलेले फोटो आमच्याकडे येतात. तिथल्या कड्यांमध्ये खडकाचे थर एकावर एक बसलेले असतात. एकेका थराच्या कडेनं माऊसनं रेघ मारायची आणि आत रंग भरायचा. अशी ढीगभर चित्रं पाहून परदेशातल्या एका गटाचा संगणक थर ओळखायला शिकतो, म्हणजे पुढेमागे एखादी गाडी कुणाला न विचारता आपली आपण ठरवेल, की कुठल्या थरापाशी थांबायचं आणि काय तपासायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच हे. फक्त उंट पनवेलात आणि शेळ्या मंगळावर.

आमच्याकडची बहुतेक पोरं नवीन पनवेल, कामोठ्याकडची, कानात गाणी लावून रेघा मारणारी. रोहिणी त्यांच्यात कधी मिसळली नाही. ती तळोज्याच्या अंगाला डोंगराखाली एक वाडी आहे तिथली. आई भागी वीटभट्टीवर, बाप गोमा दगडाच्या क्वारीत असायचा. जमीन म्हणाल तर पायाखाली असेल तेवढीच. आश्रमशाळेत शिकली, पुढे पनवेलला वसतिगृहात राहून बी.ए. झाली. दिसायला काटक, बोलायला कंजूष, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. डब्यात नाचणीची भाकरी आणि सुका जवळा. तो डबा उघडला की सत्यजीत उठून खिडकी उघडायचा, आणि ती त्याच्याकडे बघत बघत अगदी सावकाश जेवायची. मला ती तेव्हाच आवडली.

तिची एक सवय मात्र मला चमत्कारिक वाटायची. कामाला बसताना ती चपला काढून भिंतीशी ठेवायची. एसीनं फरशी गारठलेली असायची, तरी ही अनवाणी. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, अगं, देवघर आहे का हे? तिनं मान वर न करता उत्तर दिलं, ‘डोंगर हाय ना, बाई.’

ते फोटो बरेच दिवस पाहत राहिलात तर तुम्हीही फार हसणार नाही. सुरुवातीला नवल वाटतं, मग ते हळूहळू अंगावर येतं. मळकट तांबूस आभाळ, थरांचा कडा, खाली वाळू. गवताची काडी नाही, मुंगी नाही, कुणी पिऊन टाकलेली बिडी नाही. खूण म्हणून त्या गाडीच्याच चाकांची नक्षी, आणि कधीकधी कोपऱ्यात तिचीच सावली. तिथे माणूस नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तरी डोळे शोधत राहतात. भर दुपारी, खाली भांड्यांचा खणखणाट चालू असताना मी दचकून मागे वळून बघितलेलं आहे. का, ते मला विचारू नका.

रोहिणीला मात्र ती चित्रं ओळखीची वाटायची. क्वारीत सुरुंग पेटवला की शिट्टी होते, माणसं लांब पळतात, आणि धडाका होईपर्यंत मधे थोडा वेळ जातो. त्या वेळात कडा अगदी असा दिसतो, असं तिनं मला सांगितलं. समोर कुणी नसतं, आणि कडा वाट बघत असतो. ‘हितं तो धडाका होतच नाय,’ ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ मी समोरच्या चित्राकडे बघायचं टाळलं.

बापाची गोष्ट तिनं एका बैठकीत सांगितली नाही. कधी जेवताना, कधी चहाच्या वेळी, तुकड्यातुकड्यानं ती मला मिळाली. रोहिणी पाचवीत असताना एकदा जेवणाच्या सुट्टीत क्वारीचा कडा खाली आला. माणसं लांब झाडाखाली भाकरी खात होती, त्यामुळे दगडांखाली कुणी सापडलं नाही असंच सगळ्यांनी धरलं. गोमा मात्र त्या दुपारपासून कुणाला दिसला नाही. सकाळी त्याचं आणि मालकाचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ‘मी नाय करनार, मी चाललो’ असं तो म्हणालाही होता. मालकाला तेवढं पुरलं. गोमा पळाला, कुणा बाईबरोबर गेला असेल, असं त्यानं सांगून टाकलं, बुलडोझर लावून पडलेला सगळा दगड कडेला लोटला आणि काम पुढे सुरू केलं. वाडीतल्या काशिरामनं ही बातमी दारोदार नेली. अशा बातमीला वाहायला माणूस मिळतोच.

भागीनं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता आणि ती तो अजून विचारत होती. गोमाबरोबर त्याची पहारही नाहीशी झाली होती. हाताला घट्ट बसावी म्हणून तिला मधोमध त्यानं स्वतः तांब्याची तार गुंडाळली होती, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाच्या पहारीत मिसळण्यासारखी नव्हती. ‘पळनारा मानूस पहार कशाला नेल?’ पण वीटभट्टीवरच्या बाईचा प्रश्न, तो ऐकतो कोण! पुढे क्वारी बंद पडली, मालक मेला, आणि भागी तशीच राहिली. बांगड्या घालायची, पण वाडीतल्या लग्नात तिला कुणी हळद लावायला बोलवायचं नाही. दिवसकार्य करावं तर नवऱ्याला आपणच मारल्यासारखं, न करावं तर तो पळाला हे कबूल केल्यासारखं. रोहिणीला बढती नको होती, परदेश नको होता. बाप कुठे आहे एवढं आईला तिच्या हयातीत कळावं, बस्स, याच्यापुढे तिनं कधी काही मागितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात परदेशातून तक्रार आली. त्यांचा संगणक थर छान ओळखायला लागला होता, पण प्रत्येक चित्रात एक थर सोडून देत होता. कधी वरचा, कधी मधला, कधी अगदी बारीक, पण सोडायचा नेमका एकच. तोंडातला एक दात पडलेला असावा तसं ते चित्र दिसायचं. सत्यजीतचा चेहरा उतरला. आम्ही जुनं काम उपसायला बसलो आणि संध्याकाळच्या आत उलगडा झाला. रोहिणीनं केलेल्या प्रत्येक चित्रात एक थर कोरा होता. आमची तपासणी चुकीची रेघ शोधायची, आणि न मारलेल्या रेघेला कोण विचारतो? संगणकानं मात्र ती बरोबर विचारात घेतली होती.

मी तिला बाजूला घेऊन झापलं. शाळेतला आवाज अजून गेलेला नाही माझा, खालच्या दुकानातही ऐकू गेलं असेल. ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, ‘एक थर डोंगराचा असतो, बाई. तो मी कसा घेऊ?’

मग तिनं सांगितलं. तिच्या वाडीतल्या दगडफोड्यांची ती रीत होती. नवा कडा फोडायला घ्यायच्या आधी एक जाणता माणूस खाली उभा राहून कड्याकडे बघत राहायचा, आणि एक थर डोंगरासाठी सोडायचा. त्या थराला तांदळाचं पीठ लावायचं. मग बाकी सगळा दगड माणसांचा, पण त्या थराला पहार लागायची नाही. डोंगराचा वाटा डोंगराला दिला नाही तर तो आपल्यातला एक घेतो. तो जाणता माणूस म्हणजे गोमा, आणि त्याच्या आधी गोमाचा बाप. त्या सकाळचं भांडण याच्यावरूनच झालं होतं. मालकाला सोडलेल्या थरालाही सुरुंग हवा होता.

रोहिणीच्या मते रेघ मारून रंग भरला की थर आपला झाला, म्हणजे एक ठेवायला हवा. यात आपण काही वेगळं करतोय असं तिला वाटलंच नव्हतं. भाजीत मीठ घालतो हे कुणी सांगत बसतं का? मी विचारलं, सोडायचा थर कुठला हे तुला कसं कळतं? ती म्हणाली, ‘समद्या थरांकडं आपण बघतो. एक असतो, तो आपल्याकडं बघतो.’

सत्यजीतनं तिला काढून टाकलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. सगळी चित्रं पुन्हा करायला लावली. तिनं ती केली, एकही थर न सोडता. मी शेजारीच बसायची, त्यामुळे मला दिसायचं. राहिलेला थर रंगवायची वेळ आली की तिचे ओठ हलायचे. माफी मागत होती की आणखी काही, मी विचारलं नाही.

परदेशातल्या लोकांनी संगणकाचं जुनं शिक्षण पुसलं आणि नव्या चित्रांवर पहिल्यापासून शिकवलं. मग त्याच्यापुढे आम्ही कुणीच न पाहिलेले ताजे फोटो ठेवले. त्यानं एकूण एक फोटोत एक थर सोडला.

सत्यजीत म्हणाला, योगायोग असेल, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. मी म्हटलं, बाबा, इतके कावळे? पण बोलून काय होणार, म्हणून मी माझी एक परीक्षा घेतली. संगणकानं सोडवलेले फोटो बाजूला ठेवले, त्यांचेच कोरे फोटो रोहिणीपुढे ठेवले आणि तिला सांगितलं, तू यातला कुठला सोडला असतास तेवढं बोट लावून दाखव. पहिल्यात तिनं दाखवला तोच संगणकानं सोडला होता. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्यात बरेच थर होते, केसासारखे बारीक. ती बघत राहिली आणि तिचं बोट सरळ जाऊन टेकलं. मी संगणकाचं उत्तर उघडलं, बघितलं आणि सगळं बंद करून टाकलं. मला चौथं चित्र बघायचं नव्हतं.

थंडीत परदेशातून नवी मागणी आली. पृथ्वीवरच्या थरांचे फोटो पाठवा, म्हणजे संगणकाची खोड त्याच्यात आहे की मंगळाच्या चित्रांत ते कळेल. आपल्याकडे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबडी पट्टी असते, तिचे फोटो त्यांना हवे होते. तसा उघडा कडा जवळपास कुठे आहे, असं सत्यजीतनं विचारलं. रोहिणी म्हणाली, आमच्या वाडीच्या मागे आहे. मग म्हणाली, आईलापण येऊ दे.

असे आम्ही चौघं त्या बंद क्वारीत गेलो. ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. रस्त्यावरून तळोज्याच्या टँकरांची घरघर आत येईल असं मला वाटलं होतं, पण वळण घेऊन आत उतरलो आणि आवाज तुटला. समोर कडा, काळा, मग तांबडा, मग पुन्हा काळा. खाली हिरवट पाण्याचं डबकं. पाण्यावर एक पाखरू नव्हतं. मी आयुष्यात मंगळावर जाणार नाही, पण तिथे उभं राहिल्यावर कसं वाटत असेल ते मला त्या दुपारी कळलं. रोहिणीनं आणि भागीनं वरच चपला काढल्या होत्या.

सत्यजीतनं कॅमेरा रोव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला, फोटो काढले आणि तिथेच लॅपटॉपवरून परदेशातल्या त्या संगणकाला दाखवले. एकेक थर रंगत गेला. काळा, तांबडा, काळा, वरचा मुरूम, सगळं. एकही थर सुटला नाही. सत्यजीत खूश झाला, म्हणजे खोड मंगळाच्या चित्रांतच आहे म्हणाला. रोहिणी कड्याकडे बघत होती. ‘हितं सोडायला काय उरलंच नाय,’ ती म्हणाली. ‘समदं घेतलं होतं त्यांनी.’

थर नसलेल्या जमिनीचेही थोडे फोटो हवे होते. डबक्याच्या कडेला, बुलडोझरनं लोटलेल्या दगडांचा मोठा ढिगारा होता, आता त्याच्यावर झुडपं उगवलेली. सत्यजीतनं कॅमेरा तिकडे वळवला. संगणकानं अख्ख्या ढिगाऱ्याला सुट्या दगडाचा एकच रंग द्यायला हवा होता. दिला. फक्त खालच्या बाजूला एक पट्टी कोरी राहिली. थोडी तिरकी, एखादा माणूस आडवा होईल एवढी.

सत्यजीतनं काच पुसली. पुन्हा फोटो काढला. पट्टी तिथेच. तो डबक्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, तिथून काढला. बाजू बदलली म्हणून पट्टीचा आकार बदलला, पण जागा तीच, त्याच दगडांखाली. तो परत आला आणि त्यानं लॅपटॉप खाली ठेवून दिला. भागीनं लेकीला विचारलं, काय दिसतंय? रोहिणीला सांगता येईना. तिनं लॅपटॉप उचलून आईसमोर धरला आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

भागीनं पडद्याकडे बघितलं, मग ढिगाऱ्याकडे. मग ती चालत निघाली, न अडखळता, रोजच्या वाटेनं जावं तशी. त्या जागी बसून तिनं हातांनीच दगड काढायला सुरुवात केली. फार काढावे लागले नाहीत. खालून गंजलेलं लोखंड दिसलं, आणि त्याच्यावर गुंडाळलेली तार, हिरवी पडलेली.

‘पळाला नव्हता,’ भागी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ‘मी सांगत होते, पळाला नव्हता.’

मी तिथे रडले, आणि सांगायला मला लाज वाटत नाही. रोहिणी रडली नाही. ती आईच्या मागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात घट्ट दाबून होती. पुढे एकदा ती मला म्हणाली, की बाप पळाला असेल ही भीती तिला होती. भागीला कधीच नव्हती.

सत्यजीत भानावर आला तो फोन काढूनच. पोलीस, पंचनामा, जेसीबी, सगळं त्याला एकदम आठवलं, आणि मीही त्याचीच री ओढली. भागीनं हात वर करून थांबवलं. ‘डोंगरानं घेतला, तो डोंगराचा वाटा झाला. आता तुमी त्याला काढाल, तर त्याच्या बदली कोन देनार?’ याच्यावर माझ्यासारखी शिकलेली बाई पुष्कळ बोलू शकते. मी तोंड उघडलंही. पण त्या कड्यासमोर, त्या शांततेत, बदली कोण हा प्रश्न मला एकटीला विचारल्यासारखा वाटला आणि मी तोंड मिटलं. रोहिणी म्हणाली, आई म्हणते तसं करू.

त्यांनी वाडीतून काशिरामला बोलावून आणलं. तो आता म्हातारा झालाय. त्यानं पहारीवरची तार चाचपली. मग तो उठून वाडीत गेला, आणि त्या वेळी जेवढ्या दारांत गेला होता तेवढ्या दारांत जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगून आला. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी क्वारीत उतरली. दगडांवर तांदळाचं पीठ लावलं. भागीनं हातातल्या बांगड्या उतरवल्या, एकेक करून त्या पहारीपाशी ठेवल्या, आणि वरून दगड परत लावले. पुढच्या लग्नात तिला हळद लावायला बोलावणं आलं नाही, ते विधवा म्हणून. ती मला सांगत होती आणि हसत होती. आता का बोलवत नाहीत ते तरी ठाऊक आहे, म्हणाली.

परदेशातल्या लोकांनी शेवटी नाद सोडला. संगणक एक थर सोडतो हे त्यांनी धरून चालायचं ठरवलं, त्याला एक लांबलचक इंग्रजी नावही दिलं. रोहिणी अजून आमच्याकडेच आहे. बोलायला थोडी सैल झालीय, सत्यजीतला भाकरीचा तुकडा देते आणि तो मुकाट खातो.

मागच्या आठवड्यात मंगळाचे नवे फोटो आले. एकात कडा होता आणि कड्याखाली ढासळलेल्या दगडांची घसरण. संगणकानं कड्यातला एक थर सोडला होता, त्याची आता मला सवय झालीय. पण खालच्या त्या सुट्या दगडांतही एक पट्टी कोरी होती. थोडी तिरकी. तेवढीच.

मी सत्यजीतला हाक मारली नाही. रोहिणीला दाखवलं. तिनं नीट बघितलं, आणि बघताना तिचे हात आपोआप जोडले गेले. मी म्हटलं, अगं, तिथे अजून कुणाचं पाऊल लागलेलं नाही. कोण असणार तिथे?

‘आपल्याला काय ठाऊक, बाई,’ ती म्हणाली. ‘पण कोनी असंल, तर त्याची वाट बघत कोनीतरी बसलं असंल.’

तिनं ती पट्टी तशीच राहू दिली आणि पुढचं चित्र उघडलं. मी उठले, चपला काढल्या, आणि भिंतीशी तिच्या चपलांशेजारी ठेवून आले.